बटुकभाईंची चढण

दोन वर्षं आणि चार महिने मुक्ताबेननी चहाचा घोट घेतला नव्हता, आणि या गोष्टीचा बटुकभाई व्होरांना जेवढा राग येत असे तेवढा जगात दुसऱ्या कशाचाच येत नसे.

भावनगरच्या बाईनं चहा सोडणं म्हणजे काय, हे भावनगरच्याच माणसाला कळेल. मुक्ताबेन सकाळी उठल्यावर दोन कप घेत, दहाला एक, दुपारी पडून उठल्यावर दोन, आणि कुणी आलं-गेलं तर त्याला सोबत म्हणून आणखी अर्धा. बशीत ओतून, फुंकर न घालता, गरमच. त्या साली श्रावणात बटुकभाईंच्या छातीत कळ आली. इस्पितळात नेलं, हृदयात जाळी बसवली. आत ते चाललं असताना बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या मुक्ताबेननी पालिताण्याच्या आदेश्वर दादाच्या नावानं बाधा घेतली, नवस केला, की हे बरे होऊन आपल्या पायांनी शत्रुंजयचा डोंगर चढतील आणि तुझं दर्शन घेतील, तोवर माझा चहा बंद.

बरे तर ते पाचव्या दिवशी झाले. डोंगर तेवढा राहिला.

"अगं, नेम करायचा तर स्वतःच्या जिवावर करावा," घरी आल्यावर हे कळलं तेव्हा बटुकभाई कडाडले. "चढणार मी, आणि दादाला शब्द दिलास तू?"

"मी माझा चहा सोडला. तुमचं काय गेलं?" मुक्ताबेन म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

डॉक्टरांनीही सांगितलं, सहा महिने रोज तासभर चाला, दहा किलो उतरवा, मग खुशाल डोंगर चढा. तेव्हा वजन होतं चौऱ्याण्णव. सहा महिन्यांचीच तर गोष्ट, असं मुक्ताबेनना वाटलं, आणि खोटं कशाला बोला, बटुकभाईंनाही तसंच वाटलं.

बटुकभाईंचं दुकान अलंगच्या रस्त्यावर होतं. मोडीत निघालेल्या जहाजांवरून उतरवलेल्या खुर्च्या, कपाटं, गाद्या, काचेचे प्याले, हाताला लागेल ते तिथं विकायला असे. दिवसभर ते कुठल्याशा कप्तानाच्या फिरत्या खुर्चीत बसलेले असत. ती खुर्ची अकरा वर्षं विकली गेली नव्हती, कारण गिऱ्हाईक आलं तरी ते तिच्यातून उठत नसत. इस्पितळातून आल्यावर महिनाभरानं एका प्रवासी जहाजाच्या व्यायामशाळेतलं चालायचं यंत्र दुकानात आलं. बटुकभाईंनी ते टेम्पोत घालून थेट घरी आणलं.

"आता बघच तू," ते म्हणाले. "ऊन नाही, पाऊस नाही, मागे लागणारी कुत्री नाहीत. घरच्या घरी चालायचं."

यंत्रावरची अक्षरं कुठल्या मुलखातली होती देव जाणे. हिरवं बटण दाबलं की ते सुरू होतं एवढं कळलं. ते थांबवायचं कसं हे चौथ्या दिवशी कळलं, तेही बटुकभाई मागच्या कपाटावर जाऊन आपटले आणि मुक्ताबेननी धावत येऊन भिंतीतला खटका बंद केला तेव्हा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यांचे चारच भरले. पाचव्या दिवसापासून मुक्ताबेन त्या दांड्यांवर टॉवेल वाळत घालू लागल्या.

मग तळ्यावर जाणं सुरू झालं. सकाळी बोरतळावर साऱ्या गावाचे हृदयवाले, साखरवाले आणि गुडघेवाले जमत. तिथं जसुभाई होते, निवृत्त पोस्टमास्तर आणि पाच-सहा चालणाऱ्यांच्या टोळीचे पुढारी. त्यांनी बटुकभाईंना आपल्यात ओढलं. टोळी तळ्याला अर्धी फेरी मारी, बाकांवर बसून सरकारला शिव्या देई, आणि मग फाटकाबाहेरच्या गाडीकडे वळे. गरम गाठिया, तळलेल्या मिरच्या, पपईचा संभारा. रविवारी वर जिलेबी. चालणं वीस मिनिटं आणि गाठिया पाऊण तास, असा तो व्यायाम होता.

"चाललो म्हणून भूक लागली," जसुभाई समजावत. "भूक लागली म्हणजे तब्येत सुधारली. सुधारलेल्या तब्येतीला उपाशी मारायचं का, बटुक?"

एकदा बटुकभाईंनी मन घट्ट केलं आणि गाडीपाशी न थांबता घरचा रस्ता धरला. तर मागून जसुभाईंनी साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "काय रे ए, आमचं काही चुकलं का? आमच्या पंगतीला बसायची लाज वाटायला लागली?" आता यावर काय बोलणार? माणूस परत फिरला. तिथं गाठिया नाकारणं म्हणजे नातं तोडणं. ज्या गावात व्यायामाच्या शेवटी तळलेलं बेसन येतं त्या गावात वजन उतरणार कसं, हे कुणी विचारत नसे, कारण विचारायला तोंड रिकामं नसे. वर्षभरात काटा पंचाण्णववर गेला.

आणि सगळी टोळी वर मुक्ताबेनचं कौतुक करी. जसुभाई म्हणत, "नशीबवान आहेस लेका. माझ्या मागे असा कुणाचा धाक असता तर मी गिरनार रोज चढून आलो असतो."

हे ऐकलं की बटुकभाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. धाक? धाक असता तर बरं नव्हतं का! बायको ओरडली असती, तर दार आपटून निघून गेले असते आणि त्या रागात चार किलोमीटर चालून आले असते. मुक्ताबेन बोलतच नसत. सकाळी एकट्या नवऱ्यापुरता चहा ठेवत, आलं ठेचून, पुदिन्याची पानं टाकून. कप त्यांच्यापुढे ठेवून खिडकीकडे जाऊन उभ्या राहत. दहाच्या सुमाराला कपाळ दाबत बसत. संध्याकाळी एकच विचारत, "आज किती चाललात?"

"चार किलोमीटर," बटुकभाई सांगत, आणि पानातल्या भाकरीकडे बघत.

बायकोच्या त्या गप्प बसण्यानं त्यांच्या पायातलं बळच काढून घेतलं होतं. सकाळी गजर होई, ते उठत, बूट घालायला बसत. पहिल्या पायाची नाडी बांधेपर्यंत उत्साह असे, दुसऱ्या पायाची बांधताना संपे. आज चालून काय होणार, अजून दहा किलो उतरवायचे आहेत. आणि काल चाललो नाही, मग आजच्यानं काय फरक पडतो? एक चुकलेला दिवस दुसऱ्याला ओढून नेई, आठवडा जाई, मग नव्या सोमवारी नवा निश्चय. असे किती सोमवार आले आणि गेले. आपण आळशी आहोत हे त्यांना माहीत होतं. पण आळशी माणसाला आपल्या आळसाचा केवढा संताप येतो, हे चपळ लोकांना कधी कळत नाही.

डोंगर दोनदा चढून बघितला होता. पहिल्या फाल्गुनात चारशे पायऱ्या झाल्या आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढच्या मागशरात, म्हणजे मार्गशीर्षात, निम्म्याच्या आसपास पोचले, हिंगलाजच्या खड्या चढापर्यंत, आणि तिथल्या ओट्यावर तासभर बसून खाली आले. दोन्ही वेळा मुक्ताबेन म्हणाल्या, "असू दे. पुढच्या वेळी." दोन्ही वेळा परतीच्या बसमध्ये कपाळाला बाम चोळून डोळे मिटून बसल्या.

यंदा चौमासं, म्हणजे यात्रा बंद असलेले पावसाळ्याचे चार महिने, संपून डोंगर पुन्हा उघडला. कार्तिकी पुनवेची गर्दी ओसरू दिली. मग एका संध्याकाळी मुक्ताबेन ताट वाढता वाढता म्हणाल्या, "या मागशरात जाऊ या." बस, एवढंच. बटुकभाईंनी मान हलवली आणि त्यानंतरचे तीन आठवडे खरंच हातपाय हलवले. टोळीच्या आधी अर्धा तास तळ्यावर जात आणि एकटे पुरी फेरी मारत. मात्र फेरी संपायच्या वेळेला नेमकी गाठियांची गाडी लागलेली असे.

पालिताण्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तळेटीला, म्हणजे डोंगराच्या पायथ्याला, त्यांनी बायकोला सांगितलं, "तू पुढे जा. माझ्यासाठी थांबू नकोस. तू वळून बघितलंस की माझा पाय उचलत नाही."

"बरं," मुक्ताबेन म्हणाल्या, आणि अनवाणी, पदर खोचून, शेळीसारख्या सुटल्या. पंचावन्न वर्षांची बाई, दहा मिनिटांत दिसेनाशी झाली.

बटुकभाई चढू लागले. पन्नास पायऱ्या, थांबा. पन्नास पायऱ्या, थांबा. दोनशेव्या पायरीला त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या मागून चारजण रिकामी डोली घेऊन येताहेत. आपण थांबलो की तेही थांबतात, लांब कुठंतरी बघतात, विडी चाचपतात. पुढचा डोलीवाला पन्नाशीचा होता, काटकुळा, डोक्याला लाल फडकं.

"जय आदिनाथ, शेठ," तो म्हणाला. "सावकाश. घाई कुणाला आहे?"

"मला डोली नको आहे."

"मी कुठं विचारलं? आम्ही आपले वर निघालोय."

"रिकामी डोली घेऊन?"

"भरेल की कुठंतरी," तो म्हणाला. त्याचं नाव रायमल.

बटुकभाईंनी दातओठ खाल्ले आणि एका दमात ऐंशी पायऱ्या चढल्या. त्याची शिक्षा पुढच्या वीस पायऱ्यांत मिळाली. डोंगरावर काही खायचं नाही असा नियम, त्यामुळे पाणपोईवरचं उकळलेलं पाणी पीत पीत, घाम पुसत, शेजारून जाणाऱ्या बायकापोरांना वाट देत ते हिंगलाजच्या चढाशी आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. 'आला हिंगलाजचा हडा, कमरेवर हात ठेवून चढा,' असं तिथं येणारा प्रत्येकजण म्हणतो. बटुकभाईंचे दोन्ही हात कमरेवर होते. पण गुडघेच थरथर कापत होते, त्यांना कुठले हात द्यायचे? ओट्यावर बसले.

रायमल शेजारी उकिडवा बसला. एकवार त्यांच्याकडे बघून म्हणाला, "शहाण्णव."

"काय शहाण्णव?"

"वजन. खाली काट्यावर करतात, त्यावर डोलीचा दर ठरतो. मला काटा लागत नाही, नजरेनं कळतं." मग तो म्हणाला, "गेल्या मागशरात पंचाण्णव होता तुम्ही. याच ओट्यावर बसला होतात."

बटुकभाईंना भर उन्हात कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. एक अख्खं वर्ष! गजर लावले, निश्चय केले, शेकडो सकाळी बूट घातले आणि काढले, आणि मिळवलं काय, तर एक किलो. त्याच ओट्यावर. त्यांना इतकी चीड आली की ती कुठं काढावी हे कळेना. रायमलवर काढावी तर तो खरंच बोलत होता.

"वर माझी बायको बसलीय," ते हळूच म्हणाले. "तिला दिसणार नाही अशा ठिकाणी उतरवशील?"

"माथ्यावरच्या दरवाजाच्या, रामपोळीच्या अलीकडे एक वळण आहे," रायमल उठून फडकं झटकत म्हणाला. "सगळ्यांना तिथंच उतरवतो."

चारजणांनी त्यांना उचललं. डोली हलत, कुरकुरत वर निघाली, आणि बटुकभाईंनी डोळे मिटून घेतले. एरवी ज्या पायऱ्यांनी जीव खाल्ला असता त्या खालून नुसत्या सरकत गेल्या. वळणाच्या अलीकडे उतरले, तोंडावर पाणी मारलं, आणि शेवटच्या साठ-सत्तर पायऱ्या खऱ्याच धापा टाकत चढले.

रामपोळीच्या दाराशी मुक्ताबेन बसल्या होत्या. नवऱ्याला पायांवर चालत येताना बघून त्या ताडकन उठल्या. नुसता त्यांचा हात हातात घेतला आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं. "इतक्या लवकर आलात!" एवढंच कसंबसं म्हणाल्या.

"सवय झाली ना," बटुकभाई म्हणाले. दादासमोर उभं राहिल्यावर त्यांनी हात जोडले, पण नजर वर नेली नाही, ती दादाच्या गुडघ्यांपाशीच ठेवली.

उतरताना मुक्ताबेनचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. दोन वर्षं मुकी राहिलेली बाई धबधब्यासारखी बोलायला लागली. घरी गेल्यावर चहाचं जुनं पितळी पातेलं माळ्यावरून काढायचं. आलं किती, पुदिना किती, दूध कुठल्या गवळ्याचं. "दहाचा चहा मी पहिल्यासारखा पुन्हा चालू करणार, मग कुणी काही म्हणो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दुकानातून फोन केलात की मी सांगणार, थांबा, मी चहा पितेय." बटुकभाई प्रत्येक पायरीला हं म्हणत होते. चढताना दुखले नसतील तितके पाय उतरताना दुखत होते.

खाली यात्रेकरूंना भातुं मिळतं, लाडू, शेव आणि चहा. मुक्ताबेननी लाडवाला हात लावला नाही. कप घेतला, चहा बशीत ओतला, बशी दोन्ही हातांनी उचलली आणि आधी नुसता वास घेतला.

"मुक्ता, थांब," बटुकभाई म्हणाले.

"फुंकर नको, मी गरमच पिते," त्या हसून म्हणाल्या.

"मी डोलीतून आलो."

बशी ओठांपाशीच राहिली. "कुठून?"

"हिंगलाजच्या हड्यापासून. वळणाच्या अलीकडे उतरलो. तिथं सगळेच उतरतात."

मुक्ताबेननी बशी खाली ठेवली. फार हळू ठेवली, थेंब सांडू न देता. बटुकभाईंना वाटलं, आता त्या म्हणतील, असू दे, पुढच्या वेळी. ते ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी घाईघाईनं हिशोब मांडला. "हे बघ, खालचा निम्मा तर मी पायांनीच चढलोय ना? तो काही खोटा नाही. वरचा निम्मा तेवढा बाकी आहे. उद्या तेवढा चढून टाकतो."

"आणि वरचा निम्मा चढायला खालचा निम्मा कोण चढणार? जसुभाई?"

शेजारच्या पंगतीतलं कुणीतरी फसकन हसलं. पण मुक्ताबेन हसत नव्हत्या. बटुकभाईंनी तीस वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

"दोन वर्षं चार महिने माझं डोकं दुखतंय," त्या म्हणाल्या. "रोज. तुम्हाला काय वाटलं, मी देवी आहे? मला त्रास होत नाही? त्या दिवशी घाबरले होते म्हणून तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चहा चुकला तेव्हाच पस्तावले. पण दादाला दिलेला शब्द, मागे घ्यायचा कसा? मी अडकून पडले, आणि तुम्ही तळ्यावर गाठिया खात बसलात. चार किलोमीटर! मला कळत नव्हतं? तुमच्या सदऱ्यांना ओव्याचा वास येतो. मी धुते ते सदरे!"

"मुक्ता, लोक बघताहेत."

"बघू देत. आणि एक सांगा. इतक्या दिवसांत एकदा तरी म्हणालात, मुक्ता, तू पीत नाहीस तर मीही नाही पीत? निदान दुसऱ्या खोलीत जाऊन प्यायलात? माझ्या हातचा, माझ्यासमोर, रोज सुर्र करून प्यायलात."

हे बटुकभाईंच्या मनात कधी आलंच नव्हतं. आळशी होते, खोटं बोलत होते, ते त्यांना ठाऊक होतं, त्याची तयारी होती. पण इतक्या साध्या गोष्टीची नव्हती.

"मी पुन्हा चढतो," ते पुटपुटले. "तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नका चढू. माझ्यासाठी चढलेलं पाहिलं आज." मुक्ताबेन उठल्या. "उद्या सकाळी उपाश्रयात साधूंकडे जाते. महाराजसाहेबांना सगळं सांगते, प्रायश्चित्त मागते आणि या नेमातून मोकळी होते. पहिल्याच वर्षी जायला हवं होतं. पण मला वाटायचं, तुम्ही चढाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खरंच गेल्या. धर्मशाळेच्या खोलीत बटुकभाई एकटे उरले. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दारावर चहावाला किटली घेऊन आला, त्याला हातानंच नको म्हणाले. त्यांना सगळ्यांचा राग येत होता. जसुभाईंचा, त्या जहाजावरच्या यंत्राचा, एक किलो मोजणाऱ्या रायमलचा. आणि दादाचाही, ज्यानं खाली एवढी सपाट जागा सोडून डोंगराच्या माथ्यावर जाऊन बसायचं ठरवलं. आता चढण्याचं काही कारणच राहिलं नव्हतं. तासाभरात मुक्ता मोकळी होणार होती. कुणी विचारणार नव्हतं, आज किती चाललात. ही सुटका झाली म्हणून हलकं वाटायला हवं होतं, पण वाटत होतं ते एवढंच, की तिनं आपला नाद सोडला. ते उठले आणि पंचा खांद्यावर टाकून बाहेर पडले.

त्या चढणीचं वर्णन करण्यात अर्थ नाही, कारण तिच्यात भक्तीबिक्ती काही नव्हती. आदल्या दिवशीच्या दुखऱ्या पोटऱ्यांवर माणूस कसा चढेल तसे ते चढले, म्हणजे कण्हत, थांबत, कठडा धरून, स्वतःला शिव्या देत. पन्नासाऐवजी दहा पायऱ्या मोजल्या. हिंगलाजच्या ओट्यावर अर्धा तास बसले. तिथं रायमलची डोली त्यांना ओलांडून गेली. तीत एक भरभक्कम आजीबाई माळ ओढत बसल्या होत्या. "शेठ, आज बसायचं म्हणाल तर जागा नाही!" रायमल ओरडला. बटुकभाईंनी त्याला उत्तर दिलं नाही. उठले, दहा पायऱ्या चढले, थांबले. पुन्हा दहा. वळणाची ती जागा आली तेव्हा तिच्याकडे न बघता पुढे गेले. बारा वाजून गेल्यावर रामपोळ आली. दाराशी कुणी बसलेलं नव्हतं.

खाली यायला चार वाजले. धर्मशाळेच्या ओट्यावर मुक्ताबेन पाय सोडून बसल्या होत्या. शेजारी रिकामा कप, हातात भरलेली बशी.

"सुटलीस?" बटुकभाईंनी खांबाला धरून विचारलं.

"एका मिनिटात. अष्टमीला एक आयंबील करा, एकदाच अळणी जेवा म्हणाले, आणि वीस माळा. हसलेही." मुक्ताबेननी एक भुरका मारला. डोळे मिटले, उघडले. "हा चौथा."

"मी चढून आलो."

"कुठवर?"

"वरपर्यंत. सगळा. पायांनी."

"बरं," मुक्ताबेन म्हणाल्या आणि बशीत राहिलेला चहा पुरा केला.

"बरं काय बरं? खरंच चढलो मी!"

"मी कुठं नाही म्हणते?"

"तुझा विश्वास नाही."

"तुम्हीच सांगा, का असावा?"

बटुकभाईंनी एक पाय पुढे केला. "पाय बघ माझे! सुजून टम्म झालेत."

"कालही सुजले होते. उतरताना."

"रायमलला विचार! त्यानं बघितलंय मला ओट्यावर."

"जो सगळ्यांना वळणाच्या अलीकडे उतरवतो त्याला विचारू?"

अठ्ठावन्न वर्षांत एकदा, फक्त एकदा, या माणसानं ठरवलेली गोष्ट शेवटाला नेली होती, आणि त्याला एक साक्षीदार नव्हता. काल खोटं बोलले तेव्हा बायको आनंदानं रडली होती. आज खरं बोलत होते तर ती कपाच्या तळाशी उरलेला थेंब बघत होती. बटुकभाईंना वाटलं, तो खांब उपटून काढावा.

"उद्या चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "माझ्या मागून ये. पायरी न पायरी बघ."

"मला काय गरज? माझा चहा सुरू झाला."

"मला आहे!" ते इतक्या जोरात ओरडले की समोरच्या खोलीतली माणसं दारात आली. "मला गरज आहे! मी चढलो, आणि ते तुला दिसलंच पाहिजे!"

मुक्ताबेननी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सलग तिसरा दिवस. झेपेल का?"

"पाचला उठव."

"तुमचे तुम्ही उठा," मुक्ताबेन म्हणाल्या आणि कप विसळायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मुक्ताबेनना जाग आली. उजाडायला अजून बराच अवकाश होता. बटुकभाई अंघोळ करून दाराशी उभे होते. गुडघे वाकत नव्हते म्हणून बसता येत नव्हतं, आणि बायकोचं अजून आवरलं नाही म्हणून ते चिडचिड करत होते.